घाटात गाडी लागते? आधी डोळे आणि सीट बघा, गोळी नंतर

कोल्हापूरहून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. गगनबावड्यावरून करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, मलकापूरवरून आंबा किंवा अणुस्कुरा, आजऱ्यावरून आंबोली. आणि प्रत्येक गाडीत गाडी लागणारं एक तरी माणूस असतंच. त्याच्यासाठी घरोघरी ठरलेला उपाय असा: सकाळपासून उपाशी ठेवायचं, मागच्या सीटवर बसवायचं आणि घाट सुरू झाला की गोळी द्यायची. यातलं एकही बरोबर नाही.

खालची तपासणी फुकटापासून खर्चाकडे लावली आहे. क्रमाने करा. पहिल्या तीन-चार गोष्टींना पैसा लागत नाही आणि बऱ्याच जणांचं काम तिथंच भागतं. थेट गोळीवर उडी मारली तर झोप छान लागते, पण चूक तशीच राहते आणि परतीच्या प्रवासात पुन्हा पिशवी शोधावी लागते.

लक्षणं

उलटी हे सगळ्यात शेवटचं लक्षण. तिच्या बरंच आधी माणूस गप्प होतो. मग एकामागून एक जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, ढेकर येतात. चेहरा उतरतो, कपाळावर आणि वरच्या ओठावर गार घाम येतो, गाडीत गार हवा असली तरी उकडतंय असं वाटतं. डोकं जड होतं. त्यानंतर पोटात ढवळायला लागतं. लहान मुलाला हे सांगता येत नाही. दंगा करणारं पोर अचानक शांत झालं आणि त्याने वारंवार आवंढा गिळायला सुरुवात केली की समजा, हातात पाच-दहा मिनिटंच आहेत.

काहींना मळमळ होतच नाही, फक्त अनावर झोप येते आणि उतरल्यावरही दिवसभर मरगळ राहते. तोही याच त्रासाचा प्रकार आहे. "याला गाडीत बसलं की झोप लागते" म्हणून तो कुणी मोजत नाही इतकंच.

हा त्रास गाडी लागण्याचाच आहे ना, हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. गाडी हलायला लागल्यावरच सुरू झाला का? थांबून जमिनीवर उभं राहिलं की हळूहळू उतरतो का? आणि तोच माणूस स्वतः गाडी चालवताना ठणठणीत असतो का? तिन्हीचं उत्तर हो असेल तर पुढे वाचा. घरी अंथरुणात कूस बदलताना गरगरत असेल, पोटात दुखत असेल, जुलाब किंवा ताप असेल, तर गाडीला दोष देऊ नका. त्याचं कारण वेगळं आहे. शेवटचा भाग आधी वाचा.

नेमकं बिघडतं काय

दोष पोटाचा नाही, पित्ताचाही नाही. आतल्या कानात तोल सांभाळणारं यंत्र असतं. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कुठल्या बाजूला वळतंय ते सांगतात, आणि बारीक चुनखडीच्या कणांचे दोन पडदे पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे बसणारा रेटा ओळखतात. हे यंत्र मेंदूला सांगतं, वळण आलं, ब्रेक लागला. डोळे त्याच वेळी मोबाईलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असले तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. दोन्ही बातम्या जुळत नाहीत. असं बराच वेळ चाललं की मेंदू मळमळीकडे वळतो.

ज्यांच्या आतल्या कानाचं हे यंत्र दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद पडलेलं असतं, त्यांना गाडी लागत नाही. जन्मांध माणसाला मात्र लागू शकते. म्हणजे मूळ कानात आहे. डोळे भांडण वाढवतात किंवा मिटवतात.

सगळ्यात वाईट हेलकावा असतो तो संथ, साधारण पाच सेकंदांना एक. घाटातली लागोपाठची वळणं आणि समुद्रातली लाट नेमकी याच्या आसपास येते. खड्ड्यांच्या रस्त्यावर खडखडणारी जुनी एसटी अंग ठेचून काढते, पण तिच्यात मळमळ तुलनेने कमी होते, कारण तो हादरा झटपट असतो. उलट मऊ सस्पेन्शनची महागडी गाडी गुळगुळीत रस्त्यावर डुलत डुलत वळणं घेते आणि मागे बसलेले पिवळे पडतात. "एवढी चांगली गाडी असून कशी लागली?" याचं उत्तर हे आहे.

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. त्यानंतर त्रास वाढतो, नऊ-दहाच्या वयाला सगळ्यात जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा ओसरतो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी वाढतो. अर्धशिशी असणाऱ्यांना तर बऱ्याचदा.

१. मोबाईल खाली

खर्च शून्य. गगनबावड्यापर्यंतचा रस्ता फारसा त्रास देत नाही, म्हणून कळे, आसळज मागे पडेपर्यंत माणूस रील बघत बसतो. ती सवय करूळ घाटाच्या पहिल्या वळणावरही सुटत नाही आणि चौथ्या-पाचव्या वळणावर खेळ संपतो. घाट सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधीच मोबाईल, पुस्तक, मुलांची चित्रांची वही, पुढच्या सीटमागचा स्क्रीन, सगळं बंद करा.

नुसतं बाहेर बघणंही पुरत नाही. बाजूच्या खिडकीतून जवळची झाडं आणि दरड सरसर मागे पळताना दिसतात, त्याने त्रास वाढतो. समोरच्या काचेतून, जमेल तितकं लांब बघायचं. घाटात क्षितिज दिसत नाही, तेव्हा वळण जिथे संपतं तिथे नजर ठेवा. म्हणजे पुढचा रेटा कुठल्या बाजूने येणार हे डोळ्यांना आधी कळतं आणि कानाची बातमी आली की ती जुळते. ड्रायव्हरला गाडी लागत नाही याचं मोठं कारण हेच. स्टिअरिंग त्याच्याच हातात असल्याने पुढे काय होणार हे त्याला कायम माहीत असतं.

रात्रीचा प्रवास असेल किंवा समोरचं दिसतच नसेल तर डोळे मिटा. खोटी बातमी देणारा निदान एक जण तरी गप्प होतो.

२. सीट बदला

एसटीत शेवटची रांग मागच्या चाकाच्याही मागे असते. गाडी वळली की ती बाहेर झुलते, खड्ड्यात सगळ्यात जास्त उचलली जाते, आणि तिथून रस्ताही दिसत नाही. सगळे तोटे एकाच जागी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, पण पुढच्या बाजूची सीट घ्या. राखीव सीट सोडून तिसरी-चौथी रांग, आणि मधल्या वाटेच्या कडेला, जिथून समोरची काच दिसते. पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाडीत अगदी पहिली सीट टाळा. बॉनेटची धग आणि डिझेलचा वास तिथेच येतो.

वडापच्या (माणशी भाडं घेऊन प्रवासी भरणाऱ्या) जीपमधली मागची समोरासमोरची बाकडी ही या त्रासाची सगळ्यात खात्रीची जागा. माणूस आडवा बसतो, म्हणजे प्रत्येक ब्रेकला शरीर बाजूला ढकललं जातं. रस्ता दिसत नाही. पाठीला टेकायला नीट जागा नाही आणि मागून धूळ-धूर येतो. गाडी लागणाऱ्या माणसाने तिथे बसूच नये, पुढची जीप येईपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. उलट्या तोंडाची सीटही तशीच.

कारमध्ये मोठ्या माणसाला ड्रायव्हरशेजारी बसवा. मुलांना पुढे बसवू नका, ते सुरक्षित नाही. मुलांची खरी अडचण असते उंचीची: मागे बसल्यावर त्यांना पुढच्या सीटची पाठ आणि आभाळाचा तुकडा, एवढंच दिसतं. वयाप्रमाणे योग्य बूस्टर सीट लावली की नजर काचेच्या पातळीला येते. मागच्या मधल्या जागेवरून रस्ता सरळ दिसतो, पण तिथे खांद्यावरून येणारा पट्टा असेल तरच तिथे बसवा. उशीवर बसवून उंची वाढवू नका. ब्रेक लागला की उशी सरकते आणि पट्टा पोटावर येतो.

स्लीपर गाडीत खालचा आणि मधल्या भागातला बर्थ मागा. वरचा बर्थ जास्त झुलतो. पाठीवर सरळ झोपा, कुशीवर नको.

३. डोकं स्थिर

ही पायरी फार कमी जण पाळतात. गाडी वळत असताना डोकं वेगळ्या दिशेने वाकवलं किंवा फिरवलं की आतल्या कानातल्या नळ्यांना एकाच वेळी दोन दिशांचं फिरणं जाणवतं आणि मेंदूचा पार गोंधळ उडतो. खाली पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकणं, मागे वळून मुलांना दटावणं, पिशवीत चिवडा शोधणं, हे सगळं वळणावर करायचं नाही. लागणाऱ्या वस्तू घाटाआधी हाताशी ठेवा.

डोकं सीटला टेकवा, मानेची उशी असेल तर लावा. खिडकीच्या काचेला टेकवू नका.

ड्रायव्हरकडे नीट बघा. डावं वळण आलं की त्याचं डोकं किंचित डावीकडे, म्हणजे वळणाच्या आत झुकतं. प्रवाशांची डोकी उजवीकडे, बाहेर फेकली जातात. ड्रायव्हरसारखं आत झुकून बसलं की त्रास खरोखर कमी होतो. फार नाही, दोन-तीन बोटं झुकलं तरी पुरे, फक्त वळणाच्या आधी झुकायचं.

४. हवा आणि वास

चेहऱ्यावर गार हवा आली की बरं वाटतं, म्हणून खिडकी थोडी उघडा. एसी लावायचा असेल तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची ताजी हवा घ्या. डॅशबोर्डवरची सेंटची बाटली, उदबत्ती, गाडी पुसलेल्या फिनेलचा वास हे सगळं प्रवासाच्या आदल्या दिवशीच काढा. परतताना मालवणातून घेतलेली सुकट आणि बोंबील डब्यात घालून, वर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या बांधून डिकीत, सीटखाली नको.

इथेच एक गंभीर गोष्ट तपासा. ज्यांना कधी गाडी लागत नाही अशांनाही एकाच गाडीत एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी यायला लागली, तर तो घाटाचा दोष नाही. सायलेन्सरची गळती किंवा उघड्या डिकीतून आत ओढला जाणारा धूर, ही शक्यता धरा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, त्यामुळे "वास तर येत नाही" याला काही अर्थ नाही. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. कुणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा. सायलेन्सर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय त्या गाडीत पुन्हा बसू नका.

५. पोट: रिकामं नको, भरलेलंही नको

उपाशी पोटी मळमळ वाढते आणि मग कोरड्या ओकाऱ्या येतात. त्या उलटीपेक्षा वाईट. पण सकाळी सातला कट मागून मागून मिसळ खायची आणि नऊला घाटात शिरायचं, हेही चालणार नाही. तेलकट आणि तिखट अन्न पोटात बराच वेळ राहतं. तांबडा-पांढरा परतल्यावर.

निघण्याच्या दीड-दोन तास आधी थोडं, कोरडं आणि कमी तेलाचं खा: भाकरीचा तुकडा, इडली, केळं, टोस्ट. वाटेत दर तासाला दोन बिस्किटं किंवा मूठभर साधे चुरमुरे. पाणी घोट घोट. कट्ट्यावरचं ग्लासभर धारोष्ण दूध निघताना नको.

आदल्या रात्रीची दारू दुसऱ्या दिवशीच्या घाटात वसूल होते. दारू आतल्या कानातल्या द्रवावरही परिणाम करते, म्हणून उतरल्यावरही गरगरतं. तंबाखू, मिश्री आणि सिगारेटने मळमळ वाढते; घाट उतरेपर्यंत बार भरू नका. झोप अपुरी असेल तर वरचं सगळं नीट करूनही त्रास होतो, तेव्हा पहाटे चारला निघायचं असेल तर रात्री नऊला झोपा.

६. ड्रायव्हर

घरचाच माणूस चालवत असेल तर त्याला हे वाचायला द्या. वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ने घेतलेलं वळण ३० ने घेतलं की तो जोर जवळपास निम्म्यावर येतो. दहा किलोमीटरच्या घाटात यासाठी जास्तीची पाच मिनिटं जातात. उलटीसाठी थांबायला याहून जास्त वेळ लागतो.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय हलका आणि एकसारखा. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनाच्या जोरावर गाडी धरली की सारखा ब्रेक मारावा लागत नाही, आणि ब्रेकही तापत नाहीत. सारखं दाब-सोड करणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत सरळ हायवेवरही लोक आजारी पडतात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पाय उचलला की आपोआप लागणारा ब्रेक सगळ्यात कमी पातळीला ठेवा. चालवणाऱ्याला तो जाणवत नाही, मागे बसलेल्यांचा मात्र जीव जातो.

७. गाडी

आधी टपावरचं सामान खाली घ्या. उंचावरच्या वजनाने गाडी वळणावर जास्त कलते. मग टायरची हवा, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिली आहे तेवढीच. मग शॉकअप: गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन वेळा डुललीच, किंवा शॉकअपवर तेलाचे ओघळ दिसले, तर तो गेला. गेलेला शॉकअप खड्ड्याचा छोटा धक्का लांबलचक हेलकाव्यात बदलतो, आणि त्रास संथ हेलकाव्याचाच असतो. इथून पुढे काम मेकॅनिकचं. शॉकअप घरी उघडायची गोष्ट नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

८. आलं, लिंबू आणि पेपर

आल्याचा काहींना उपयोग होतो. साधारण एक ग्रॅम सुंठ, म्हणजे लहान चमचा अर्धा, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी कोमट पाण्यातून. आलेपाक चघळला तरी चालतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. लिंबू हुंगल्याने गाडीतले इतर वास झाकले जातात, तेवढाच त्याचा फायदा. मनगटावरच्या दाबपट्ट्यांचा भरवसा नाही. वर्तमानपत्रावर बसण्याने आतल्या कानाला काही फरक पडत नाही. पण मळमळीवर विश्वासाचा परिणाम खरोखर होतो, तेव्हा आजीला पेपरवर बसायचं असेल तर बसू द्या. फक्त पुढच्या सीटवर.

९. गोळी

आता गोळी. सर्वांत मोठी चूक वेळेची होते. एकदा मळमळ सुरू झाली की पोट पुढे ढकलायचं काम मंदावतं; त्यानंतर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा बाहेर येते. गोळी त्रास येऊ नये म्हणून असते, आलेला थांबवायला नव्हे.

दुसरी चूक गोळीची. दुकानात नुसती "उलटीची गोळी द्या" म्हटलं तर ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन हातात पडू शकतं. इतर कारणांच्या उलट्यांना ती औषधं चांगली आहेत, पण गाडी लागण्यावर त्यांचा विशेष उपयोग होत नाही. इथे उपयोगी पडतात ती जुन्या पिढीची अँटीहिस्टॅमिन: प्रोमेथाझिन (अ‍ॅव्होमिन या नावाने घराघरात माहीत आहे ती), मेक्लिझिन, सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट. सर्दीला झोप न आणणारी नवी अँटीहिस्टॅमिन यासाठी कुचकामी आहेत.

प्रोमेथाझिनची २५ मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या माणसाने लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री, जवळच्याला निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची. सिनारिझिनही दोन तास आधी. म्हणजे दुपारी घाट असेल तर गोळी कोल्हापूर सोडण्याच्या आधीच पोटात गेलेली हवी. झोप सगळ्यांनीच येते, प्रोमेथाझिनने सर्वांत जास्त, आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळू शकते. म्हणून ज्याला गाडी चालवायची आहे त्याने घ्यायची नाही. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर अजिबात नाही. फरक पडला नाही म्हणून दुसरी घेऊ नका.

विचारल्याशिवाय घेऊ नये अशांची यादी मोठी आहे: काचबिंदू असलेले, प्रोस्टेटमुळे लघवीला अडणारे, फिट येणारे, दम्याचा किंवा श्वासाचा आजार असलेले, कंपवात असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन द्यायचंच नाही. त्याने श्वास मंदावू शकतो. त्यावरच्या मुलांचं औषध आणि प्रमाण बालरोगतज्ज्ञांकडूनच. मोठ्यांची गोळी मोडून अंदाजे देणं धोक्याचं आहे. काही मुलं अशा औषधाने झोपण्याऐवजी भलतीच चेकाळतात, म्हणून पहिला डोस प्रवासात नको, डॉक्टरांना विचारून घरी एखाद्या सुटीच्या दिवशी देऊन बघा.

लागलीच तर

गाडी थांबवा, पण वळणावर नाही. घाटात रुंद, सरळ जागा मिळेपर्यंत जायचं. खाली उतरून, पाय टेकवून, लांबच्या डोंगराकडे बघत पंधरा-वीस मिनिटं उभं राहा. श्वास हळू आणि एकसारखा. मळमळ पूर्ण उतरल्याशिवाय निघालात तर पुढचा हल्ला लवकर येतो.

एसटीत असाल तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकू नका. घाटात समोरून येणारा ट्रक हातभर अंतरावरून जातो, आणि अशाने माणसं मेली आहेत. माणशी दोन जाड, न फाटलेल्या पिशव्या जवळ ठेवा (एकीत दुसरी घालून), एक ओला नॅपकिन आणि चूळ भरायला पाणी. उलटीनंतर लगेच ग्लासभर पाणी ढोसू नका. एक लिटरच्या ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्येच कालवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-दोन चमचे घ्या.

मालवणात किल्ल्याला जाणाऱ्या होडीतही हेच नियम: मध्यभागी बसा, पाण्याकडे नाही तर किनाऱ्याकडे बघा.

सवय

सगळ्यात पक्का उपाय सवयीचा, आणि त्याला वेळ लागतो. मेंदू जुळवून घेतो. पन्हाळा किंवा जोतिबाचा रस्ता यासाठी सोयीचा: वळणं आहेत, पण चढ लवकर संपतो. आठवड्यातून एक-दोनदा जा, समोर बघत बसा, मळमळ सुरू होताच थांबा. उलटी होईपर्यंत ताणलं तर सवय होत नाही, भीती बसते. काही आठवड्यांनी अंतर वाढवा. मध्ये मोठा खंड पडला तर सवय ओसरते, म्हणून मे महिन्यात कोकणात जायचं असेल तर एप्रिलभर फेऱ्या चालू ठेवा.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

छातीत दुखणं किंवा दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि त्यासोबत गार घाम व मळमळ असेल, तर ते गाडी लागणं समजून आल्याचा तुकडा चघळायला देऊ नका. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय गळणं, दोन-दोन दिसणं, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, हेही तसंच. १०८ लावा. घाटात रेंज मिळत नसेल तर जवळच्या गावाकडे गाडी घ्या.

त्याच दिवशी दवाखान्यात जावं असं: प्रवास संपून काही तास झाले तरी उलट्या थांबत नाहीत, घोटभर पाणीही टिकत नाही, उलटीत रक्त आहे, मुलाने सहा-आठ तासांत लघवी केलेली नाही किंवा ते सुस्त पडलंय, डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्यात. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाच्या पोटात अन्न टिकत नसेल तर साखर तपासा आणि थांबू नका. साखर झपाट्याने खाली जाऊ शकते.

घाई नाही पण कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवं असं: आयुष्यभर कधी गाडी लागली नाही आणि पन्नाशीनंतर अचानक लागायला लागली, गाडी नसतानाही गरगरतं, कानात सतत आवाज येतो किंवा एका कानाने कमी ऐकू येतं, उतरल्यावर जमीन हलतेय असं दिवसेंदिवस वाटतं. अर्धशिशी असेल तर तिचा इलाज आधी करा, प्रवासाचा त्रास बऱ्याचदा तिच्याबरोबरच उतरतो.

जाताना कागदावर एवढं लिहून न्या: कुठल्या गाडीत, कुठल्या सीटवर, निघाल्यापासून किती मिनिटांनी सुरू झालं, थांबल्यावर किती वेळात गेलं, कुठली गोळी किती वाजता घेतली, आणि घरात आणखी कुणाला अर्धशिशी किंवा हाच त्रास आहे का.